बाईची फेरी

होळीची राख पोरांनी पायांनी उडवून संपवली आणि परीक्षा आल्या. मला कॅलेंडर लागत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत सांजच्याला क्रिकेटचा आरडाओरडा बंद झाला, समोरच्या घरातला टीव्ही मुका झाला, की समजायचं पेपर लागले. कडुनिंब पानं गाळतो आणि अंगणात पिवळा सडा पडतो. लोक कूलर बाहेर काढून त्यातली वर्षाची धूळ झटकतात. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. या दिवसांचा एक वास असतो, वाळल्या पानांचा, चन्याच्या भुशाचा म्हणजे कुटाराचा, तापल्या सिमेंटचा. त्यात मला एक वास सापडत नाही, गरम पिठाचा. तो माझ्या अंगाचा वास होता. तो गेला आणि या शहरात मी कोणाच्याच ओळखीचा राहिलो नाही.

झोप पहाटेच मोडते. कोणी उठवत नाही. डोळे उघडायच्या आधी कान वर जातात, वरच्या खोलीत कोणी चालतं का ते ऐकायला. वर कुलूप आहे. ते मीच लावलं आहे आणि किल्ली माझ्याच उशाशी आहे. तरी कान जातात.

लिहिण्याचं म्हणाल तर मी तिसरीतून उठलेला माणूस. पुस्तकी लिहायला मला माझ्या बायकोने शिकवलं. बोलताना 'मले' म्हणा, लिहिताना 'मला' लिहा, असं ती सांगायची. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी काढलेली चूक मी आयुष्यात मान्य केली नाही. या वयात करायचा विचारही नाही.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. सारं गाव तिला बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायला लागलो. नाचणगावच्या पलीकडे आमचं गाव, आणि शाळेच्या भिंतीला लागून माझी पिठाची चक्की. इंजिन सुरू झालं की तिच्या वर्गातल्या खिडक्या थरथरायच्या. बाकीचे मास्तर तक्रार करायचे. बाई नुसती खिडकीत येऊन उभी राहायची. मग मी पट्टा उतरवून चक्की थांबवायचो. परीक्षेच्या दिवसांत तर पेपर सुटेपर्यंत चक्की बंद, हा माझाच नियम होता. बायका डोक्यावर डबे घेऊन ताटकळायच्या, कुरकुरायच्या. मी म्हणायचो, पोट्ट्यायचा पेपर चालू हाय, एक दिवस भात खा. गावातली लहान पोरं मला 'बाईचे चक्कीवाले' म्हणायची. दुसऱ्या एखाद्याला लाज वाटली असती. मी आपल्याहून शिकलेली बायको केली होती आणि ती मिरवली.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. तिला निवृत्ती मिळाल्यावर इथे घर बांधलं, वर एक खोली काढली. त्या खोलीत कोण राहील हे तेव्हा आम्ही बोललो नव्हतो. बाई गेली त्याला आता बरेच उन्हाळे झाले. खोली भाड्याने जात राहिली, येणारे येत गेले, कोणाचं तोंडही लक्षात नाही. फक्त एका पोरीचं आहे.

मागच्या मार्चमध्ये वर प्रज्ञा राहत होती. समुद्रपूरकडची पोरगी. तिच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि त्याखाली पुस्तकांची चळत, ती चळत दर महिन्याला वाढायची. एका खाजगी शाळेत शिकवायची आणि सोबत पुढचं शिक्षण करून राहिली होती. मला आबाजी म्हणायची. दिवसा शाळा, संध्याकाळी कागद. एक दिवस जिन्यावर बसून ती गठ्ठा लावत होती, तेव्हा मी विचारलं हे काय आहे. मास्तर लोकांना आपल्या कामाची जबाबदारी स्वतःची वाटते का आणि किती वाटते, ते ती मोजत होती. बायांना जास्त वाटते की माणसांना, गावातल्यांना की शहरातल्यांना, सरकारी शाळेत की खाजगीत, नव्यांना की जुन्यांना. एकेका गटाचं वेगळं माप काढून शेजारीशेजारी ठेवायचं.

"कायनं मोजतं?"

"फॉर्मनं, आबाजी."

फॉर्म दाखवला. एकेक वाक्य, आणि पुढे रकाने. पूर्ण सहमत पासून पूर्ण असहमत पर्यंत, जिथे वाटेल तिथे खूण करायची. मी हसलो. आयुष्यभर काट्यावर दळण तोललेला माणूस मी. म्हटलं, गहू ठेवला तर काटा खाली जातो, हे कुठे ठेवशील. ती रागावली नाही. थोडंफार ठेवता येते, तुमी हासा, असं म्हणून परत गठ्ठ्यात डोकं घातलं. तिचं हेच मला आवडायचं. माझं ऐकून घ्यायची आणि आपलंच करायची.

तिची अडचण अशी होती की शहरातले फॉर्म झाले होते, गावातले मिळत नव्हते. गावातले मास्तर आज या उद्या या करायचे, परीक्षा आहेत म्हणायचे. आणि परीक्षांचे दिवस संपेपर्यंत काम दिलं नाही तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. घरी बापाला तिने शब्द दिला होता की यंदा संपवते. ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्या गावाला चल. बाईच्या शाळेत मला कोणी नाही म्हणणार नाही.

बाई गेल्यापासून मी त्या शाळेच्या फाटकात पाय ठेवला नव्हता. काऊन ते सांगता येत नाही. म्हणून तर तोऱ्यात बोललो असेन.

एसटीने पुलगाव, तिथून ऑटो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पळस पेटलेला. पानं एकही नाही, नुसती केशरी फुलं, आणि खाली जमिनीवरही तीच. वावरांत चना निघून गेला होता, कुठे कुठे ढीग लागले होते, वाऱ्यावर कुटार उडून एसटीच्या खिडकीतून आत येत होतं. पोरगी ओढणीने नाक झाकून फॉर्म सांभाळत होती. मी ते कुटार अंगावर येऊ दिलं.

चक्कीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. इंजिन जिथे बसवलं होतं तो ओटा तेवढा शाबूत, त्यावर दोन पोट्टे बसून फोनमध्ये पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे नाही. शाळेला रंग नवा, फाटक नवं. मुख्याध्यापक चांगला माणूस, खुर्ची दिली, चहा मागवला. मी बाईचं नाव सांगितलं. तो आठवायला लागला, बाजूच्या मास्तरकडे पाहिलं, त्याने तिसऱ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "आमच्या आधीच्या असतीन, बावाजी. आमी सारे नवे हाओत इथं."

मी चहा पिऊन घेतला.

फॉर्म वाटले गेले. मास्तर आणि मॅडम एका लांब टेबलाभोवती बसले. प्रज्ञाने समजावून सांगितलं की नाव लिहायचं नाही, ज्याला जसं वाटतं तसं भरायचं. मुख्याध्यापकाने मान हलवली आणि ती पाणी प्यायला बाहेर गेल्याबरोबर साऱ्यांना दबक्या आवाजात सांगितलं की कागद आहे म्हणजे कुठे ना कुठे वर जाणारच. एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं गेलं तर उद्या विचारणा येईल. तेव्हा सारखंच लिहा. एका मॅडमने विचारलं, सर, सातव्याले काय लिवू. तो म्हणाला, पूर्ण सहमत. साऱ्यालेच पूर्ण सहमत.

बाजूच्या वर्गात पोरांचा पेपर सुरू होता. टेबलावरचा एक मास्तर मधेच उठला, खिडकीतून ओरडला, ए, शेजारच्याच्या पेपरात मान घालू नको. ओरडून परत बसला आणि शेजारच्या मॅडमच्या फॉर्मकडे पाहून पुढची खूण केली.

मला हसू आलं होतं. मग ते गेलं. कारण बाई त्याच टेबलाशी बसायची. टेबल तेच होतं, मी पाय ओळखला. एका पायाखाली लाकडाची चकती ठोकलेली आहे, ती मीच ठोकून दिली होती, तिचा हात लिहिताना हलायचा म्हणून.

परतीच्या एसटीत प्रज्ञाने फॉर्म एकेक करून मांडीवर उलटले. पहिल्या दोन-तीनमध्येच तिला समजलं. साऱ्या खुणा एकाखाली एक, जशी वावरात सरळ ओळीने लावलेली कपाशीची पऱ्हाटी. ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, सारे पूर्ण सहमत आहेत ना, मग चांगलेच मास्तर म्हणायचे. तिने हसायचा प्रयत्न केला आणि डोळ्याला ओढणी लावली.

तेव्हा मी ते बोललो. गावातून निघाल्यापासून तेच मनात होतं. म्हटलं, एक फॉर्म बाईचा घे. मी भरतो. तो खरा राहील.

"आबाजी, माणूस गेल्यावर फॉर्म घेता येत नाई. अन् दुसऱ्यानं भरलेला चालत नाई."

"आत्ता जे घेतले, थे कोनं कोनाचे भरले होते?"

तिने फॉर्म पिशवीत घातले. मला तिला हरवायचं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की ज्या शाळेत बाईचं नाव कोणाला ठाऊक नाही, त्या शाळेच्या कागदात ती एकदा मोजली जावी. बाया या गटात, गावातल्या या गटात, जुन्या या गटात, कुठेही, पण एक म्हणून. पोरीला हे सांगायचं सोडून मी तोंड फिरवलं. वर्धा येईपर्यंत बोललो नाही, घरी आल्यावरही नाही. ती रोज सकाळी जिन्यावरून 'आबाजी, चाय घेतली का' म्हणायची. मी पेपर वाचत असल्यासारखं करायचो. माझा स्वभाव आहे, त्याला आता कोण काय करणार.

त्या अबोल्याच्या दिवसांत मला त्याच्या फार मागचा एक मार्च आठवत राहिला.

तेव्हा सातवीची परीक्षा केंद्रावर असायची, मोठ्या गावात. पोरांना बंडीत बसवून न्यावं लागे. बाईच्या वर्गात रेखा नावाची एक पोट्टी होती. हुशार होती असं नाही. बाईच्या भाषेत ती लक्ष देणारी होती. शनिवारी ती आली नाही. बाईने हजेरी घेतली, रकान्यात रेघ मारली, म्हणाली सोमवारी पेपरला येईलच. सोमवारी बंडी शाळेसमोर उभी, बैल जुंपलेले, पोरं नवे कपडे घालून, कपाळाला कुंकू लावून आत बसलेली. रेखा नाही. बाई पदर खोचून तिच्या घराकडे धावत गेली. दाराला काट्यांची फांदी लावलेली. शेजारीण म्हणाली सारे मामाच्या गावाला चना सोंगायला गेले, शनिवारीच. बाई परत आली, बंडीत चढली. दुसऱ्या पोरांचा पेपर होता.

रेखा त्यानंतर शाळेत आली नाही. तशा पुष्कळ पोरी यायच्या नाहीत, गावाला त्यात नवल नव्हतं.

त्या सांजेला बाईने सयपाक केला, मला वाढलं, स्वतः बाजेवर बसून राहिली. मी म्हटलं, तिच्या मायबापानं नेली, त्यात तुहं काय. ती म्हणाली, "हजेरी तं मीच घेते ना." बस. त्यापुढे त्या विषयावर ती कधी बोलली नाही.

पुढच्या वर्षी पळस फुलला आणि एका पहाटे तिने मला हलवून उठवलं. चला, उठा, बॅटरी घ्या. कुठे म्हणून विचारलं तर म्हणे पोरांना उठवायला. सातवीतल्या एकेकाच्या घरी जायचं, अभ्यासाला उठवायचं. गावात कुत्री फार, म्हणून माझी काठी.

तिची एक पद्धत होती. पोराचं नाव घेऊन ओरडायचं नाही, घरात म्हातारी माणसं, तान्ही लेकरं झोपलेली असतात. दाराची कडी हळू वाजवायची आणि थांबायचं. आत दिवा लागल्याशिवाय ती पुढच्या दाराकडे वळायची नाही. थंडी अजून पुरती गेलेली नसायची, उभ्या जागी पाय गार पडायचे. मी म्हणायचो, वाजवली ना कडी, चाल. ती हलायची नाही. खिडकीच्या फटीत पिवळी रेघ उमटली की मगच पाऊल उचलायची. शनिवारी कोणतं पोट्टं गावात राहणार आणि कोणाला बाहेरगावी नेणार, हे तिला आता शुक्रवारच्या पहाटेच ठाऊक असायचं.

एका घरची बुढी आम्हाला पाहून चिडायची. बाजेवरूनच म्हणायची, आमचं पोट्टं कलेक्टर होनार हाय का मास्तरीनबाई, काऊन झोप मोडून राह्यल्या. बाई म्हणायची, कलेक्टर नाई झालं तं तुमची औषधाची चिठ्ठी तं वाचीन ना, माय. बुढी बडबड करत राहायची, पण पुढे पुढे आम्ही यायच्या आधीच दार उघडून बसायला लागली. पोट्टं उठो न उठो, बुढी जागी.

त्या फेरीत बाई बोलायची. घरी ती कधी बोलली नाही तेवढं त्या अंधारात बोलली. घरी तिच्यासमोर वह्या असायच्या, माझ्या कानात दिवसभराचं इंजिन असायचं. दोन दारांच्या मधल्या रस्त्यावर मात्र ती माझी होती. आपल्या माहेरच्या विहिरीचं सांगायची. कोणत्या पोराने काय गमतीचं उत्तर लिहिलं ते सांगायची आणि तोंडावर पदर धरून हसायची. मला पाढे यायचे नाहीत, बोटांवर हिशेब करायचो. ते तिने तिथे शिकवले, चालता चालता. बारापासून पुढचे सारे पाढे मला त्या अंधाराच्या वासासकट येतात. आजही सतराचा पाढा म्हटला की नाकात शेणसड्याचा वास येतो.

ती डाव्या अंगाने चालायची, मी उजव्या. बॅटरी एक. उजेड मी तिच्या पायांपुढे पाडायचो, आणि स्वतः अंधारात चालायचो. दगडाला किती वेळा ठेचा लागल्या. एकदा अंगठ्याचं नख गेलं. तिला सांगितलं नाही, चक्कीत दगड पडला म्हटलं.

फेरीचं शेवटचं घर रेखाचं. तिथे उठवायला कोणी नव्हतं. बाई दारासमोर क्षणभर उभी राहायची, कडीला हात लावायची नाही. मी बॅटरी बंद करायचो. मग आम्ही घरी यायचो.

पुढे कितीतरी वर्षांनी पुलगावच्या बाजारात रेखा भेटली. अंगाने भरलेली, हातात हिरव्या बांगड्या, कडेवर नातू. बाजारात सर्वांदेखत बाईच्या पाया पडली. म्हणाली, बाई, मले आता काई कमी नाई, वावर हाय, पोरं चांगले निघाले. खरंच सुखी दिसत होती. मी घरी येताना म्हटलं, पाह्यलं ना, काय अडलं तिचं. बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली. पुढच्या मार्चला फेरी होतीच, आणि शेवटी त्याच दारापुढे थांबणंही. तिथे आता दुसरंच कुटुंब राहत होतं.

अबोला असा संपला. एका संध्याकाळी प्रज्ञा खाली आली, पायरीवर बसली आणि एक कोरा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, गिनतीत नाई घेता येत आबाजी, मी खोटं नाई बोलत. पन तुमी भरा. मले पाहाचं हाय.

मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. गट लिहिला. स्त्री. ग्रामीण. जिल्हा परिषद. सेवा, वीस वर्षांहून जास्त. त्या चार शब्दांत ती बसलेली पाहून बरं वाटलं. पहिली वाक्यं सोपी होती. विद्यार्थी मागे राहिला तर ती माझी जबाबदारी आहे असे मला वाटते. पूर्ण सहमत. वरिष्ठांनी विचारले नाही तरी मी माझ्या कामाचा जाब स्वतःला देते. पूर्ण सहमत. पालकांच्या चुकीचा दोष शिक्षकाने घेऊ नये. पूर्ण असहमत, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. प्रज्ञा टोक करून देत होती.

मग एक वाक्य आलं. या जबाबदारीच्या भावनेचा मला त्रास होतो.

पेन्सिल तिथे थांबली. बाजेवर न जेवता बसलेली बाई मला दिसली, पूर्ण सहमत लिहायला हात गेला. आणि मग ती अंधारात, डाव्या अंगाने, पाढे म्हणत, हलकी पावलं टाकत चाललेली दिसली. त्या पहाटांइतकी खुशीत मी तिला दुसरीकडे कुठे पाहिली नाही. एवढी वर्षं तिच्या पायापुढे उजेड धरला, पण आत काय होतं ते त्या उजेडात कधी दिसलं नाही. आमच्याकडे नवराबायको एकमेकांना असं विचारत नाहीत. आणि दुसरी गोष्ट पेन्सिल हातात असतानाच समजली. ती पोट्टी त्या सोमवारी बंडीत बसली असती तर फेरी झाली नसती. माझ्या आयुष्यातल्या साऱ्यात चांगल्या पहाटा मला बाईच्या त्या सलातून मिळाल्या. मी काय खूण करणार.

मी प्रज्ञाला रेखाची गोष्ट सांगितली, फेरीची सांगितली. कोणाला पहिल्यांदाच. ती ऐकत राहिली, मध्ये एकदा उठून तिने अंगणातला दिवा लावला. मग म्हणाली, एक रकाना रिकामा राह्यला तं फॉर्म बाद होते, आबाजी. मी म्हटलं, होऊ दे बाद.

ती स्वतः माझ्या गावाला परत गेली, एकटी. प्रत्येक मास्तरजवळ वेगळी बसली, चहा पीत, डबा खात, आणि नव्याने फॉर्म भरून आणले. काम वेळेवर दिलं. सारं संपल्यावर मी विचारलं, काय निघालं. ती म्हणाली गावात आणि शहरात फारसा फरक नाही, बायात आणि माणसांतही नाही. मग काढलं काय तू, मी विचारलं. हेच काढलं, म्हणाली. फरक गटागटात नव्हता. एकाच शाळेत, एकाच टेबलाशी बसलेल्या दोघांत जमीन-अस्मानाचा होता. आणि तो काऊन होता ते तिच्या फॉर्ममध्ये सापडत नव्हतं. मी त्या चकती ठोकलेल्या टेबलाचा विचार करत होतो.

पाऊस लागायच्या आधी तिला समुद्रपूरकडच्या एका गावात नोकरी लागली. टेम्पोत पुस्तकं भरली, भिंतीवरचा फोटो शेवटी काढून ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला. पाया पडली. मी म्हटलं, येजो. खोलीला कुलूप लावलं आणि पुन्हा कोणाला दिली नाही. भाडेकरू विचारायला येतात, मी रंगकाम बाकी आहे म्हणतो.

यंदा परीक्षा लागल्या आणि एका पहाटे फोन वाजला. इतक्या पहाटे फोन म्हणजे कोणी गेलं, असंच वाटतं. प्रज्ञा होती. मागून कुत्री भुंकत होती. म्हणाली, आबाजी, एक पोट्टी हाय वर्गात, शुक्रवारपासून आली नाई, मी तिच्या घरी जाऊन राह्यली. कुत्रे लय हायेत. मी म्हटलं काठी घे. बॅटरी समोर मारू नको, पायापाशी धर. कडी हळू वाजव. मी उठून बसलो, मग अंगणात आलो, फोन कानाला. तिची पावलं ऐकू येत होती, वाळल्या पानांवरची. मीही अंगणात चालायला लागलो. मग कडी वाजली. मग काहीच नाही. तीही थांबली होती, मीही फाटकापाशी थांबलो.

"दिवा लागला का?"

"लागला, आबाजी."

फोन ठेवायला निघाली तेव्हा मी विचारलं. जे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"याचा तरास होते का, पोरी?"

ती म्हणाली, "होते ना. पन घरी बसलं तं जास्त होते." मग आतून कोणी तिला बोलावलं आणि फोन बंद झाला.

आत येऊन मी ट्रंकेतून तो फॉर्म काढला. दिव्याखाली धरला. तो एक रकाना अजून तसाच. पेन्सिल हातात घेतली, टोक होतं. पण ते उत्तर पोरीचं होतं, बाईचं नव्हतं. दुसऱ्याचं पाहून मी बाईच्या फॉर्मवर खूण करणार नाही. फॉर्म घडी करून परत ठेवला.

मग काठी आणि बॅटरी घेऊन फाटकाबाहेर निघालो. इथे उठवायला कोणी नाही, कोणाचं दार मला ओळखत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. दोन्ही बाजूंची घरं झोपलेली, कूलरची घरघर, एका खिडकीत उजेड. मी सतराचा पाढा म्हणत चालतो. बॅटरीचा उजेड माझ्या पायापुढे पाडत नाही. जरा डावीकडे पाडतो. मला ठेच लागते, ती लागू देतो.